घाम, चौविहार आणि सूनबाईच्या हातातला ग्लास



मागच्या महिन्यात स्थानकात दोघीतिघींनी एकच प्रश्न विचारला. "पुण्याला सुनेकडे जाऊन आलात की तुमचे गुडघे बरे दिसतात. तिथं काय करता?" मी म्हटलं, "व्यायाम करते आणि मग सौनात बसते." एकीला वाटलं सौना म्हणजे एखादं मशीन, दुसरीला वाटलं मालिश. घरी येऊन विचार केला की हे नीट लिहूनच काढावं. त्यात माझी एक चूकही आहे आणि ती लपवली तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही.

आधी सौना म्हणजे काय ते सांगते. लाकडी फळ्यांची एक छोटी खोली, आत बसायला लाकडाचेच ओटे, कोपऱ्यात विजेची शेगडी आणि तिच्यावर दगड. दगड तापले की खोलीतली हवा ८०-९० अंशांपर्यंत जाते. ऐकून भीती वाटते, पण हवा कोरडी असते म्हणून सोसवते. वाफेची खोली वेगळी. ती चाळीस-पंचेचाळीस अंशांचीच असते, पण दमट, आणि भिंतींना बुरशी धरायची भीती. लीलफूग टाळणाऱ्या आपल्यासारख्यांना कोरडीच बरी. ही पद्धत मूळची फिनलंडची. तिथं घरोघरी सौना असते. लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास आणि सौना तीस लाखांच्या घरात. २०२० मध्ये युनेस्कोनं त्यांच्या या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

आता डोंगरकड्याच्या बाईला सौना कशाला, असं तुम्ही म्हणाल. बरोबरच आहे. मे महिन्यात आपल्या ओसरीवरच सौना असते! आमच्याकडे हळद काढायला येणाऱ्या एका मावशींना मी हे सांगितलं, तेव्हा त्या कुकरमधून निघालेल्या वाफेत उभ्या होत्या. शेतात हळद शिजवण्याचं काम चाललं होतं, बॉयलरची वाफ ड्रममध्ये सोडलेली, चारी बाजूंनी पिवळा वास. त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "बाई, घाम गाळायला तुम्ही पैसे देता?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही ते वाक्य आठवलं की मी थोडी खाली येते, आणि ते बरं आहे.

पण गुडघेदुखी खरी होती. चाळीस वर्षं दुकानाची वहीखाती आणि घर दोन्ही बसूनच सांभाळलं. बी.कॉम. झालेली सून आली म्हणून सासऱ्यांनी पहिल्याच दिवाळीला रोजमेळ माझ्या हातात दिला, तो आजवर सुटला नाही. साठी उलटल्यावर जिना चढताना गुडघ्यातून आवाज यायला लागला. सामायिकेत मांडी घालता येईना, खुर्ची आली. डॉक्टरांनी सांगितलं, मांड्यांचे स्नायू घट्ट करा, चाला, व्यायाम करा. मागच्या वर्षी चातुर्मास उठल्यावर मुलगा पुण्याला घेऊन गेला. त्यांच्या सोसायटीत व्यायामशाळा आहे आणि तिला लागून सौना.

सूनबाईनं पहिल्या दिवशी हाताला धरून नेलं. अर्धा तास सायकल आणि पायांचे व्यायाम, नंतर दहा मिनिटं सौना. खरं सांगू? बाहेर आले तेव्हा गुडघे माझे नव्हेतच असं वाटलं. इतके मोकळे. त्या रात्री झोपही लागली.

मी हिशेबी बाई. बरं वाटलं एवढ्यावर माझं समाधान होत नाही. मुलाकडून वाचून घेतलं, समजून घेतलं. व्यायामानं स्नायू आखडलेले असतात. उष्णतेनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त भराभर फिरतं, नाडी जलद चालल्यावर असते तशी वाढते आणि आखडलेलं शरीर सैल होतं. फिनलंडच्या यूवास्कुला विद्यापीठातल्या लोकांनी केलेला एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. फारशी हालचाल न करणारी ४७ माणसं घेतली. एका गटानं आठ आठवडे नुसता व्यायाम केला आणि दुसऱ्यानं प्रत्येक व्यायामानंतर पंधरा मिनिटं सौना घेतली. सौना घेणाऱ्यांचा दम जास्त वाढला आणि वरचा रक्तदाब नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक उतरला. तिसरा एक गट काहीच न करणारा होता, त्याच्यात अर्थातच फरक पडला नाही.

याआधी २०१५ मध्ये त्याच देशातल्या कुओपिओ भागातल्या २३१५ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यांच्यावर वीस वर्षं लक्ष ठेवलं होतं. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकारानं अचानक मरण येण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी निघालं. पुढे २०१८ मध्ये बायकांनाही धरून अशीच पाहणी आली आणि तिचाही कल तोच होता. पण इथं माझ्यातली वहीखातेवाली जागी होते. एकाच तारखेला दोन नोंदी पडल्या म्हणून एकीमुळे दुसरी पडली असं होत नाही. रोज सौनात बसायला ज्याला सवड आहे, तो मुळातच निरोगी आणि निवांत असू शकतो. आठ आठवड्यांच्या प्रयोगावर माझा जास्त विश्वास बसला, कारण त्यात सारख्या माणसांना दोन वाटांनी चालवून पाहिलं होतं.

आणि हे सगळं नवं आहे असंही नाही. आपल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय पूर्ण घामावरच आहे, स्वेदाध्याय. अग्नीच्या साहाय्यानं घाम आणण्याचे तेरा प्रकार त्यात दिले आहेत. त्यातला जेन्ताक वाचून मी थक्क झाले. पाणवठ्याजवळ एक गोल खोली, आत भिंतीकडेनं मातीचा ओटा, मधोमध भट्टी. रोग्यानं ओट्यावर झोपून घाम घ्यायचा आणि बाहेर आल्यावर लगेच थंड पाण्याला हात लावायचा नाही. एक मुहूर्त थांबायचं, मग कोमट पाण्यानं स्नान करायचं आणि मग जेवायचं. सख्यांनो, एक मुहूर्त म्हणजे किती? अठ्ठेचाळीस मिनिटं. आपली एक सामायिक!

आता चुकीकडे येते.

पुण्यात सौना संध्याकाळी पाचला सुरू व्हायची. माझा चौविहार एकतीस वर्षांचा. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, औषध नाही. थंडीच्या दिवसांत पुण्याचा सूर्य सहाला मावळतो. म्हणजे माझी धावपळ पाहा. साडेचारला व्यायाम, सव्वापाचला सौना, साडेपाचला घरी येऊन घाईघाईनं जेवण आणि शेवटच्या पाच मिनिटांत दोन ग्लास पाणी. मग दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर नवकारसी येईपर्यंत, पावणेआठ वाजेस्तोवर, थेंब नाही. चौदा तास.

पहिले दोन आठवडे काही वाटलं नाही. वजनाच्या काट्यावर तर मी खूश. आत जाताना ६२ किलो ४०० ग्रॅम, बाहेर येताना ६१ किलो ९००. सूनबाई हसून म्हणाली, "मम्मीजी, ते पाणी गेलंय, चरबी नाही." हे मला कळायला हवं होतं. रोख काढली म्हणून खर्च कमी झाला असं कुणी म्हणतं का? अर्धा किलो घाम म्हणजे अर्धा लिटर पाण्याची उधारी. ती त्याच दिवशी फेडायची असते. मी ती चौदा तास थकवत होते. रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले, सकाळी डोकं जड. सूनबाईनं दोनदा सांगितलं, "सकाळी जाऊ या, नाहीतर सोडून द्या." मी म्हटलं, "मला कळतं माझं."

मार्गशीर्षातली पक्खी आली. माझा तिविहार उपास होता. दिवसभर उकळलेलं पाणी घेत होते, पण नातीच्या शाळेचा कार्यक्रम होता, त्यात दुपारचं पाणी राहून गेलं. खरं तर त्या दिवशी सौनाचं नावही काढायला नको होतं. पण उपासानं अंग हलकं वाटत होतं आणि एक वेडा विचार मनात होता, तप आणि ताप एकाच दिवशी घडतील. पाच पस्तीसला आत गेले. पाच पंचेचाळीसला निघायचं, पाच पंचावन्नला पाणी, सहाला सूर्यास्त. हिशेब चोख होता. शरीर हिशेबात धरलेलं नव्हतं.

उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दार ढकललं एवढं आठवतं. मग थेट बाहेरच्या गार फरशीवर डोकं सूनबाईच्या मांडीवर, आणि तिच्या हातात मीठ-लिंबू घातलेल्या पाण्याचा ग्लास. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. सहा वाजून दहा मिनिटं.

"मम्मीजी, प्या."

मी तोंड फिरवलं.

सोसायटीतले एक डॉक्टर आले. रक्तदाब ९० वर ६०. त्यात मी सकाळी रक्तदाबाची गोळी घेतलेली. ते म्हणाले, पाणी द्या, नाहीतर सलाईन लावावं लागेल. मुलगा हात जोडून उभा. मी मान हलवली नाही. रात्रभर छाती धडधडत होती, पायांत गोळे, आणि सूनबाई उशाशी बसून तळपाय चोळत होती. पक्खीचं प्रतिक्रमण मी आडवी पडूनच मनात म्हटलं. म्हटलं म्हणजे काय, ओठ हलले. मनात एकच होतं: हिनं आधी सांगितलं होतं, आता हिचं खरं ठरणार. क्षमापना म्हणताना मी सुनेवर रागावलेले होते. बाकी कुणाला नाही सांगितलं, आज तुम्हाला सांगते.

सकाळी पावणेआठला तिनंच नवकारसी आल्याचं सांगितलं आणि तोच ग्लास पुन्हा भरून आणला. ती रात्रभर झोपली नव्हती. मी पाणी प्यायले आणि रडू आलं.

गावी परतल्यावर महासतीजींच्या दर्शनाला गेले, तेव्हा सगळं सांगितलं. मला वाटलं, व्रत मोडलं नाही म्हणून अनुमोदना करतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "पच्चक्खाणात आगार का ठेवले आहेत?" मी गप्प. आपण रोज पच्चक्खाण घेतो, त्यात आगार म्हणजे सवलती असतात. चुकून, अचानक, मोठ्यांच्या आज्ञेनं, आणि समाधी टिकवण्यासाठी औषधपाणी घ्यावं लागलं तर. त्या म्हणाल्या, "पाणी न घेऊन तुझी समाधी राहिली का?" नाही राहिली. मग पुढचं वाक्य आलं. "आणि हेही लक्षात ठेव. आगार आजारासाठी आहे, शौकासाठी नाही. संध्याकाळी पाणी लागेल असं काम तू स्वतः होऊन संध्याकाळी करायचंच कशाला?"

एवढं साधं होतं. व्रतही बरोबर होतं, व्यायाम आणि शेकही बरोबर होता. चुकीची होती ती वेळ आणि चुकीचा होता माझा ताठा. आणखी एक गोष्ट उलगडली. चौकात उन्हाची आतापना घेणाऱ्या मुनींचं तप निराळं. लाकडी खोलीत गाद्यांसारखे टॉवेल घालून बसणं हा देहाचा आराम आहे. गुडघ्यांसाठी घेतलेलं औषध म्हणा, हरकत नाही. पण त्या घामात निर्जरा शोधू नये.

यंदा पुण्याला गेले ती वेगळी व्यवस्था करून. सोसायटीच्या सचिवांना विचारून रविवार आणि बुधवार सकाळी साडेआठला एक तास सौना सुरू करवली. आम्ही चौघी मिळून जातो. एकटीसाठी शेगडी पेटवायची नाही हा माझा नियम. सहा किलोवॉटची शेगडी तासाला सहा युनिट खाते, शिवाय तेउकायाची विराधना. ती एकाच तासात चौघींची होऊ दे. सूनबाईही येते. तिला ऑफिसला उशीर होतो त्या दिवशी मीच म्हणते, "तू नाहीस तर मीही नाही." एकटीनं आत बसायचं नाही हे आता कळलंय.

आणि डोंगरकड्यात? इथं सौना नाही, लागतही नाही. चरकाच्या त्याच अध्यायात अग्नीशिवाय घाम आणणाऱ्या दहा गोष्टींची यादी आहे. पहिलीच आहे व्यायाम. मग उबदार घर, मग जाड पांघरूण. याच यादीत भूक आहे, ऊन आहे आणि क्रोधही आहे! म्हणजे पक्खीच्या दिवशी मी उपास, व्यायाम, तापलेलं घर आणि राग असे चार स्वेद एकदम घेतले होते, वर अग्नीचा पाचवा. चक्कर येणार नाही तर काय होणार?

जाड पांघरुणाला मी पूर्वी हसले असते. पण जपानमध्ये हृदयाच्या रोग्यांसाठी एक उपचार करतात, त्यात ६० अंशांच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवून नंतर अर्धा तास पांघरुणात निजवतात. आपल्या आजीची गोधडी तिकडे दवाखान्यात पोचली आहे. आणि गरम पाण्याचं म्हणाल तर किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेतच. लहानपणी आम्ही गेलो होतो, तेव्हा अंगदुखीची म्हातारी माणसं तिथं मुक्कामाला राहायची.

माझा इथला क्रम साधा आहे. कार्तिक ते माघ एवढेच महिने. सकाळी केळीच्या बागांपर्यंत पाऊण तास चालणं, घरी येऊन पायांचे व्यायाम. नवकारसी आली की दोन ग्लास पाणी. मग खिडक्या लावून, शाल आणि वर गोधडी घेऊन पंधरा मिनिटं पडून राहणं. सौनासारखा घाम येत नाही, पण गुडघे सैल होतात. फार दुखलं तर आठवड्यातून एकदा घमेल्यात गरम पाणी घेऊन पाय सोडते. ते पाणी गरम असताना अंगणात ओतत नाही, गार होऊ देते आणि मग झाडांना घालते.

ज्यांना सुनेकडे, लेकीकडे सौनाची सोय आहे, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातून एवढंच:

१. चौविहार असेल तर सौना सकाळीच, नवकारसीनंतर आणि पाणी पिऊन. संध्याकाळी नाही.

२. उपास, आयंबिल, एकासणा, ताप किंवा पोट बिघडलेलं असेल त्या दिवशी नाही.

३. रक्तदाबाची, साखरेची, हृदयाची औषधं चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. सौनातून बाहेर आल्यावर रक्तदाब उतरतो, त्यात गोळीचा उतार मिळतो.

४. व्यायाम संपल्यावर दहा मिनिटं दम खाऊन मगच आत. सुरुवातीला पाच-सात मिनिटं, पुढे दहा. खालच्या ओट्यावर बसा, वर उष्णता जास्त असते. उठताना एकदम उठू नका.

५. आधी आणि नंतर वजन करा. जेवढं कमी झालं तेवढं पाणी त्याच दिवशी परत द्या. त्याला वजन उतरणं म्हणू नका.

६. बाहेर आल्यावर अंग पुसा, कपडे बदला, पाणी प्या आणि मुहूर्तभर निवांत बसा. मी याच वेळी सामायिक करते. पाणी आधी, कारण सामायिकेत घेता येत नाही.

७. व्यायाम न करता नुसतं आत जाऊन बसू नका. गुडघ्याला आधार स्नायू देतात, घाम देत नाही.

एका वर्षानं गुडघ्यांचं म्हणाल तर आवाज अजून येतो. पण मागच्या रविवारी शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला गेलो, तेव्हा पायऱ्यांवर कठडा धरावा लागला नाही, आणि परवापासून सामायिकेत अर्धी का होईना मांडी घालते. खुर्ची कोपऱ्यात आहे, टाकलेली नाही. म्हातारपणात वस्तू फार लवकर टाकू नयेत.

संवत्सरीला सगळ्यांना फोन करून मिच्छामि दुक्कडम् म्हणायची आपली पद्धत आहे. ज्यांचं काही बिघडवलेलं नसतं अशांनाही आपण म्हणतो. या वर्षी मी पहिला फोन सूनबाईला केला. ती म्हणाली, "मम्मीजी, कशाबद्दल?" मी म्हटलं, "त्या ग्लासाबद्दल." ती काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "आज पाणी प्यायलात ना सूर्यास्ताआधी?"

उपास होता, पण तिविहार. प्यायले होते.

जय जिनेंद्र.